घरच्याचा नमुना

जावई — दार नीट लागलंय ना, वहिनी?

वहिनी — लागलंय, भावोजी. आणि ह्या खोलीतलं बोलणं ह्या खोलीतच राहतं. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो. ह्या बसा.

जावई — पाठवून द्या ती वर्कशॉपवर. पाय बसवून देतो.

वहिनी — तुम्ही भरदुपारी लेथ बंद ठेवून माझ्या खुर्चीची चौकशी करायला आलात?

जावई — नाही. काम आहे. चिमीला माहीत आहे मी इथे आलोय ते. आईंना फक्त कळायला नको.

वहिनी — माझ्या सासूबाईंपासून काही लपवायचं म्हणजे अवघडच. तुमच्या सासूबाई म्हणून त्या तुमच्याशी गोड बोलतात, मी त्यांच्या घरात राहते. बरं, बघू. बोला.

जावई — तुमच्या ह्या दवाखान्यात ते मिळतात ना, दुसऱ्याचे. दात्याचे शुक्राणू. नाव-गाव कळत नाही असे.

वहिनी — मिळतात.

जावई — मग तसं करून टाका आमचं. गुपचूप. सही कुठे करायची तेवढं दाखवा, मी करतो आणि निघतो. दोन माणसं वर्कशॉपवर खोळंबलीत.

वहिनी — भावोजी, ते असं स्क्रू-नट मागवल्यासारखं होत नसतं. डॉक्टर तुम्हा दोघांना समोर बसवतील, बोलतील, विचार करायला वेळ देतील. मी लॅबमधली बाई. नमुना माझ्या टेबलावर आला की माझं काम सुरू होतं.

जावई — म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुमच्या शब्दाला इथे वजन आहे म्हणतात.

वहिनी — आहे. पण मला आधी सांगा, हे ठरवलं कोणी? चिमीने?

जावई — मी. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

वहिनी — वर्षभर मी तिला म्हणतेय, तुमचे रिपोर्ट आण, एकदा नजर टाकते. ती विषय बदलते. माझी नणंद, माझ्याच घरातली मुलगी, मी ह्याच कामात, आणि तुम्ही दोघं तपासायला गेलात कुठे, तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. खरं सांगते, लागलं मला ते.

जावई — तुमचा अपमान करायचा नव्हता.

वहिनी — मग काय होतं?

जावई — आता तुम्हीच विचार करा. माझ्या बायकोच्या भावाची बायको माझं ते... भिंगाखाली घालून बघणार. आणि सणासुदीला माझ्या ताटात वाढणार. मी जेवू कसा?

वहिनी — जेवाल तसेच, दोन्ही हातांनी. मी किती जणांचं बघते माहीत आहे? समोरच्या दुकानदाराचं बघितलंय, मुलाच्या शाळेतल्या मास्तरांचंही. रस्त्यात भेटले की मी त्यांना तब्येत विचारते, बाकी काही आठवतसुद्धा नाही.

जावई — दुकानदाराचं? कोणत्या, त्या कोपऱ्यावरच्या?

वहिनी — बघा. म्हणून नाव सांगत नाही मी. आता सांगा, त्या लोकांनी काय सांगितलं तुम्हाला.

जावई — सांगायचं काय. रिजेक्ट. माझ्या वर्कशॉपमधून गेलेला एक पार्ट आजवर परत आलेला नाही वहिनी, एक नाही. बाहेरच्या कंपन्या माझं नाव घेऊन माल मागवतात. आणि हा माझा माल. दोनदा दिला, दोनदा रिजेक्ट.

वहिनी — रिजेक्ट असं कोणी लिहीत नाही. संख्या कमी होती का?

जावई — नाही. संख्या भरपूर आहे म्हणाले. तिथला डॉक्टर म्हणाला, भरपूर आहेत पण हलत नाहीत. जवळजवळ सगळे पडून. आणि शेपट्या वळलेल्या. वेटोळं झालंय म्हणाला. तो शब्द डोक्यातून जात नाही माझ्या. दिवसभर लेथवर धातूचा जो कीस निघतो ना, गुंडाळ्या गुंडाळ्या, तोच दिसतो समोर.

वहिनी — शेपट्या वळलेल्या. दोन्ही वेळा?

जावई — दुसऱ्या वेळी जास्त.

वहिनी — आणि त्यावर तुम्ही दात्यापर्यंत पोचलात.

जावई — मग काय करणार? गोळ्या झाल्या. काही फरक नाही. तिचं वय वाढतंय. तिला मूल हवंय, आणि मला ती हवी आहे, एवढा साधा हिशेब आहे. माझं रक्त असायलाच पाहिजे असं काही नाही. मी वाढवीन त्याला, शिकवीन. हातात मायक्रोमीटर धरायला शिकवलं की झालं ते माझं.

वहिनी — हे मात्र मला आवडलं. ज्याला खरंच गरज आहे त्याने तेच करावं, त्यात कमीपणा कसला. मी स्वतः तुमच्या बाजूने उभी राहीन. पण आईंना का कळायला नको? त्या काही जुन्या विचारांच्या नाहीत.

जावई — त्यांना दुसरंच माहीत आहे.

वहिनी — काय?

जावई — की दोष चिमीत आहे.

वहिनी — हो, ते आई मलाही म्हणाल्या. पोरीच्या आत काहीतरी अडलंय म्हणे. रोज सकाळी मला विचारतात, तू एवढी शिकलीस, माझ्या पोरीसाठी काय करता येईल ते कर. त्या आता कुठल्याशा डॉक्टरीणबाईंकडे तिला नेणार आहेत, आत दुर्बीण घालून बघायला. थांबा. म्हणजे ते खोटं आहे?

जावई — तिचं सगळं ठीक आहे. सगळ्या तपासण्या झाल्यात. पहिला रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आम्ही तुमच्याकडे जेवायला होतो. तुम्ही ड्युटीवर होतात. आईंनी सरळ विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? आणि चिमी म्हणाली, माझ्यात आहे आई. पाणी मागितल्यासारखं सहज म्हणाली.

वहिनी — आणि तुम्ही?

जावई — मी ताटात बघत बसलो.

वहिनी — वर्षभर?

जावई — वर्षभर. आई उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. मला म्हणाल्या, जावईबापू, तुमचे उपकार आहेत, तुम्ही तिला टाकून बोलत नाही. उपकार म्हणाल्या, वहिनी.

वहिनी — मला राग आलाय तुमचा. आधी सांगून ठेवते, म्हणजे नंतर चेहऱ्यावर दिसला तर आश्चर्य वाटायला नको.

जावई — येऊ दे. मलाही येतो.

वहिनी — आणि चिमीचा अभिमान वाटतोय. लग्न होऊन मी आले तेव्हा ही पोरगी परकर-पोलक्यात होती, माझ्या ओढणीला धरून फिरायची. कुठून आणलं हिने एवढं धैर्य? बरं, ते राहू दे बाजूला. मला माझ्या कामाचं विचारायचंय. तुमच्या वर्कशॉपमधून पार्ट परत आला असता तर तुम्ही काय केलं असतं?

जावई — आलाच नाही.

वहिनी — आला असता तर?

जावई — आधी बघितलं असतं, बिघडला कुठे. मशीनवर बिघडला की नंतर. कधीकधी माल चोख असतो, पॅकिंग चुकतं, टेम्पोत आदळतो. मग मशीनला दोष देऊन काय उपयोग.

वहिनी — अगदी बरोबर. तर तुमचा माल त्या लॅबपर्यंत गेला कसा?

जावई — म्हणजे?

वहिनी — म्हणजे नमुना तिथेच दिलात, त्यांच्या खोलीत?

जावई — छे. ती खोली म्हणजे कॉरिडॉरच्या मधोमध. बाहेर बाकावर बायका बसलेल्या. आत जाताना सगळ्या बघतात, बाहेर येताना तर त्याहून जास्त बघतात. मी म्हटलं घरून आणतो. ते म्हणाले चालेल, लवकर आणा.

वहिनी — लवकर आणलात?

जावई — स्कूटरवर. एकदम लवकर. सिग्नल मोडला एक.

वहिनी — डबी कशात ठेवली होती? खिशात?

जावई — खिशात कशी ठेवणार? डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, उष्णता वाईट. भट्टीजवळ उभे राहू नका, घट्ट पँट घालू नका, कढत पाण्याने अंघोळ नको. उष्णतेने मरतात म्हणाले. एवढं सांगितल्यावर मी काय बेफिकीर आहे? काळजी घेतली मी.

वहिनी — काय काळजी घेतली?

जावई — वर्कशॉपवर पाण्याचा मोठा थर्मास आहे. तो घेतला.

वहिनी — भावोजी.

जावई — काय?

वहिनी — थर्मासमध्ये काय होतं?

जावई — बर्फ.

वहिनी — बर्फ.

जावई — डबी मध्ये, सगळीकडून बर्फ. वरून झाकण घट्ट. मासे, दूध, औषधं, सगळं बर्फातच नेतात ना? आणि हे तर त्याहून नाजूक.

वहिनी — आणि दुसऱ्या वेळी?

जावई — पहिला रिपोर्ट खराब आला ना. म्हटलं, स्कूटरवर ऊन लागलं असेल. दुसऱ्या वेळी बर्फ वाढवला. थोडं मीठही टाकलं, त्याने जास्त गार होतं.

वहिनी — अरे देवा.

जावई — वहिनी, तुम्ही हसताय?

वहिनी — नाही. हो, हसतेय. माफ करा. दोन मिनिटं द्या मला. मीठ टाकलं म्हणे.

जावई — ह्यात हसण्यासारखं काय आहे ते मलाही कळू दे.

वहिनी — तुम्हाला बर्फाच्या पाण्यात फेकलं तर तुम्ही काय कराल? आखडून गोळा व्हाल. त्यांचंही तेच होतं. एकदम गार झाले की शेपटी वळते, वेटोळं होतं, आणि मग ते पडतात ते पडतात. त्यांना शरीराएवढी ऊब लागते, कमी नाही, जास्त नाही. घरून आणायचंच असेल तर डबी छातीशी धरून आणायची, शर्टाच्या आत. त्या लॅबवाल्याला डबी गार लागली नाही?

जावई — देण्याआधी बाहेर काढून पुसली मी. थोडा वेळ हातात धरली. पाणी सुटलं होतं, गबाळं दिसलं असतं.

वहिनी — पुसून, चकाचक करून दिली. वर्षभर गोळ्या खाल्ल्या. चिमीने दोष अंगावर घेतला. आणि दात्याच्या कागदावर सही करायला निघालात. विचारायचं होतं की हो एका शब्दाने कोणाला तरी.

जावई — असली गोष्ट विचारतात का कोणाला? मला वाटलं, मला कळतं. म्हणजे... म्हणजे माझ्यात काही नाहीये?

वहिनी — ते मी म्हटलेलं नाही. असं हवेत मी कधी बोलत नाही, ह्याच गोष्टीचा मला तोरा आहे. असेलही काही, नसेलही. बर्फाने जे मेले त्यांच्यावरून जिवंत कसे होते ते कोण सांगणार? ताजा नमुना द्या. इथे, ह्या इमारतीत. मग बोलू.

जावई — इथे? तुमच्या टेबलावर?

वहिनी — माझ्या टेबलावर नाही. आमचा नियम आहे, घरच्याचा नमुना घरच्याने हाताळायचा नाही. नियम मीच घालून दिलाय. हात थरथरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळा लबाडी करतो. जे दिसायला हवं असतं तेच मोजतो. माझी जोडीदारीण करेल. मी शिकवलंय तिला, आणि आता काही बाबतीत ती माझ्यापुढे आहे. तेही मीच शिकवलं असं मी म्हणते.

जावई — म्हणजे तुम्ही बघणार नाही.

वहिनी — नियमाने नाही. मला वाईट वाटतंय त्याचं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं अनोळखी लोकांसाठी हे हात चालवले. घरचं माणूस आलं, आणि मी काचेबाहेर.

जावई — आणि ती खोली?

वहिनी — आमची खोली मागच्या जिन्याला आहे. बाक नाही, बायका नाहीत. आतून कडी आहे. भिंतीत एक लहान खिडकी आहे, डबी तिथे ठेवायची आणि जायचं. कोणी तोंडसुद्धा बघत नाही. तीही मीच करून घेतली, कारण तुमच्यासारखे बर्फवाले मला माहीत आहेत.

जावई — आधीही कोणी बर्फ घातला होता?

वहिनी — बर्फ नाही. एकाने गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून आणला होता. शिजला. पण मीठ टाकणारे तुम्ही पहिलेच.

(काही दिवसांनंतर. प्रयोगशाळेच्या काचेबाहेरचा अरुंद व्हरांडा. आत पांढऱ्या टोपीत वहिनीची जोडीदारीण टेबलाशी काम करते आहे.)

जावई — मला घरी जाऊ द्या वहिनी. फोनवर सांगा काय ते.

वहिनी — तुम्ही नवा जॉब मशीनला लावून घरी जाता का?

जावई — नाही.

वहिनी — मग उभे राहा. ती तुमची डबी. उबेच्या पेटीतून काढली आत्ता. नमुना आधी घट्ट असतो, उबेत सैल होऊ द्यावा लागतो. घाईत ओढलं तर नळीला चिकटून बसतं, आणि मोजणारा म्हणतो कमी आहेत. आता त्या दोघी नाव वाचतील. ती वाचते, मग आमच्या इथल्या डॉक्टरीणबाई येऊन वाचतात, मोठ्याने. एका नळीतून दुसऱ्या नळीत काहीही जायचं तर दोघींनी नाव वाचल्याशिवाय जात नाही.

जावई — माझं नाव एवढ्या मोठ्याने कोणी वाचलं नाही. शाळेत सुद्धा नाही.

वहिनी — आता ती एक थेंब काचेवर घेईल. बघेल. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून काही कळणार नाही तुम्हाला. मी तिला शिकवलंय, मोजून होईपर्यंत चेहरा कोरा ठेवायचा.

जावई — वहिनी, तिने मान हलवली.

वहिनी — तिची मान दुखते. गप्प बसा.

जावई — तुमचे हात का हलताहेत असे? हवेत कोणाला भरवताय?

वहिनी — सवय. बघा, आता ती खरं काम करणार. तपासायला एक थेंब पुरला असता, पण मी म्हटलं, पूर्ण करून बघ, उद्या उपचाराला लागेल तसं. नळीत खाली तुमचा नमुना. त्यावर ती पोषक पाण्याचा थर देतेय. नळीच्या कडेने, अगदी अलगद. मिसळलं तर संपलं. बघा तिचं मनगट. हललं का?

जावई — नाही. छान हात आहे. माझ्याकडे लेथवर घेतलं असतं तिला.

वहिनी — सोडणार नाही मी. आता नळी तिरकी केली, आणि उबेत ठेवली. झालं.

जावई — झालं म्हणजे? आता ती काय करणार?

वहिनी — काही नाही. हेच तर ह्या कामातलं सगळ्यात अवघड. आता कोणी काही करायचं नाही. ज्यांच्यात दम आहे ते आपले आपण वरच्या पाण्यात पोहून येतात. मेलेले, आळशी, वाकडे, कचरा, सगळं खाली राहतं. मग ती वरचं अलगद उचलून घेईल. दुसरी एक रीत आहे, मशीनवर फिरवायची, त्यात चांगले तळाला जातात. तिथे खालचं ठेवायचं, इथे वरचं. नवीन मुलगी आली की एकदा तरी ठेवायचं तेच ओतून देते.

जावई — हिने दिलं होतं?

वहिनी — मी दिलं होतं. पहिल्याच महिन्यात. सरावाचा नमुना होता म्हणून वाचले. म्हणजे तुम्ही एकटेच शहाणे नाही.

जावई — तुम्ही निवडत नाही म्हणजे. मला वाटायचं तुम्ही चिमट्याने एकेक वेचत असाल.

वहिनी — तेही करतो, गरज पडली तर. पण हे मला जास्त आवडतं. मी फक्त वाट मोकळी करून देते. आई शेजारणींना काय सांगतात माहीत आहे? आमची सून माणसं होण्याआधीच त्यांची परीक्षा घेते. मी कितीदा म्हटलं, असं सांगू नका. आता मला ते आवडायला लागलंय.

जावई — आणि वर कोणीच आलं नाही तर?

वहिनी — तर डॉक्टरांना भेटू. दात्याचं बोलू, दुसरे उपायही आहेत. आणि आईंना खरं सांगू. ते मात्र कसंही झालं तरी सांगायचं आहे, भावोजी. रिपोर्ट चांगला आला म्हणून सांगणं आणि वाईट आला तरी सांगणं, ह्यात फरक आहे. तुम्ही ठरवलंय का?

जावई — ठरवलंय. आज सकाळी दाढी करताना ठरवलं. वाईट आला तरी सांगायचं. म्हणून तर कापलंय हे गालावर.

वहिनी — मग मी आता तुमच्यावर रागावलेली नाही. थोडी आहे.

(बऱ्याच वेळाने, तिथेच.)

जावई — कोणाचा फोन वाजतोय?

वहिनी — माझा. आई आहेत. वाजू दे, नंतर करते. बघा, ती नळी काढतेय. वरचं घेतलं. काचेवर. भावोजी, ती भिंगाला जोडलेला पडदा आपल्याकडे वळवतेय. मोजून झाल्याशिवाय ती कधी वळवत नाही.

जावई — मला नाही बघवत.

वहिनी — बघा म्हणते मी.

जावई — हे काय आहे? हे सगळं... हे पळतंय ते?

वहिनी — हे तुमचं.

जावई — हे सगळे?

वहिनी — डबीवर तुमचं नाव आहे. दोघींनी वाचलंय.

जावई — शेपट्या सरळ आहेत हो.

वहिनी — सरळ आहेत.

जावई — आणि सरळ जाताहेत. हा बघा, हा. ह्या टोकापासून त्या टोकाला. थांबतच नाही. वहिनी, सूतभर वाकडा जात नाही तो.

वहिनी — मी रोज बघते भावोजी, आणि तरी सांगते, हे देखणं आहे. मूल होईलच असं मी म्हणत नाही, ते कोणीच म्हणू नये. पण ह्यांना दुसऱ्याची गरज नाही, एवढं म्हणते. रुमाल देऊ?

जावई — आहे माझ्याकडे. तेलकट आहे. चालेल. वर्षभर मला वाटायचं, माझ्या आत सगळा भंगार माल भरलाय. मी मशीनवर हात ठेवायचो तेव्हासुद्धा वाटायचं. आणि हे आत असे पळत होते.

वहिनी — पुन्हा वाजतोय. एवढ्या वेळा करणार नाहीत त्या. हॅलो, हां आई.

आई — किती वेळ वाजतोय फोन. हे बघ, मी चिमीला घेऊन त्या डॉक्टरीणबाईंकडे निघालेय. दुर्बिणीचं आज करू म्हणाल्या, अचानक वेळ मिळाली. उपाशीपोटी ये म्हणाल्या, तर पोरीने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. तू तिथून परस्पर येतेस का? तू असलीस की मला डॉक्टर लोक नीट उत्तरं देतात. जावईबापूंना सांगावं म्हटलं तर वर्कशॉपवर नाहीत, आणि ही म्हणते, त्यांना नको सांगू, उगाच काळजी करतील.

वहिनी — आज? चिमी तयार झाली त्याला?

आई — हो म्हणाली लगेच. काही बोलतच नाही ती, जे म्हणेन त्याला हो. मलाच कसंतरी होतंय.

जावई — द्या इकडे.

वहिनी — भावोजी, आधी जरा श्वास घ्या.

जावई — द्या, वहिनी. आई, मी बोलतोय.

आई — अगं बाई. जावईबापू? तुम्ही तिथे कसे? बरं आहे ना?

जावई — बरं आहे. आई, चिमीला कुठे नेऊ नका. तिच्यात काही दोष नाही. कधीच नव्हता. रिपोर्ट माझा खराब आला होता, दोन्ही वेळा. तिने तो स्वतःवर घेतला, तुमच्यासमोर, आणि मी बसून राहिलो. वर्षभर बसून राहिलो. तुम्ही मला उपकार म्हणालात तेव्हाही.

आई — थांबा, मला खाली बसू दे.

जावई — आई, ऐकताय ना?

आई — ऐकतेय. पुढे बोला.

जावई — आणि तो रिपोर्टही खरा नव्हता. चूक माझीच झाली होती, नमुना नेताना. ते वहिनी सांगतील तुम्हाला, मला सांगवत नाही. आज इथे पुन्हा बघितलं. चांगलं आहे. मी डोळ्यांनी बघितलं आत्ता. पण चांगलं नसतं तरी मी आज सांगणारच होतो, एवढं खरं माना.

आई — सूनबाई आहे का बाजूला?

वहिनी — आहे आई. ऐकू येतंय मला.

आई — हे खरं आहे, चांगलं आहे म्हणतात ते? तू बघितलंस?

वहिनी — मी हात नाही लावला, घरचं होतं म्हणून. पण जिने केलं तिला मी तयार केलंय. खरं आहे, आई.

आई — मग खरंच असणार. म्हणजे माझी पोरगी वर्षभर माझ्यासमोर बसून माझे उपास, माझी रडारड, माझे डॉक्टर, सगळं बघत होती, आणि बोलली नाही. आणि आज ती दुर्बीणसुद्धा आत घालून घेणार होती. कोणावर गेलीय ही? मी तर पोटात एक दिवस काही ठेवू शकत नाही. माझ्या पोटी अशी मुलगी आली म्हणजे मी काहीतरी चांगलं केलं असणार.

जावई — आई, तुम्ही रागावलात माझ्यावर.

आई — रागावणार आहे. सवडीने रागावेन, समोर बसवून. जावईबापू, हे चिमीला सांगितलंत का?

जावई — नाही अजून. आत्ताच कळलं.

आई — मग मला काय सांगत बसलात? ती दाराशी चपला घालून उभी आहे. घ्या, तिच्याकडे देते फोन. आधी तिला म्हणा, चपला काढ.